एचआयव्ही पेशीत शिरतो कसा? आणि शिवल्याने का होत नाही?



वस्तीत एखाद्याला एचआयव्ही असल्याचे कळले की पुढे काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. घरात त्याचा ग्लास वेगळा होतो. ताट-वाटी वेगळी धुतली जाते. सार्वजनिक नळावर त्याच्या बायकोची बादली असेल तर दुसरी बाई आपली बादली जरा लांब ठेवते. मुलांना सांगितले जाते, "त्यांच्याकडे खेळायला जाऊ नको." तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण ज्याच्या वाट्याला हे येते त्याला सगळे समजते.

ही शिवाशिव आपल्याला नवी नाही. आपल्या माणसांच्या स्पर्शाने पाणी बाटते, असे मानणाऱ्या समाजात बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्या बाटण्यामागे कारण नव्हते आणि पुरावाही नव्हता. होती ती फक्त समजूत. आज एचआयव्ही असलेल्या माणसाच्या हातचे पाणी नाकारणारा आपल्याच घरातला असेल, तर तीच समजूत आपण वेगळ्या नावाने पाळतो आहोत.

"शिवल्याने एचआयव्ही होत नाही" हे वाक्य दवाखान्याच्या भिंतीवर आपण किती वेळा वाचले असेल! तरी मनातली भीती जात नाही. कारण 'होत नाही' एवढेच सांगितले जाते, 'का होत नाही' ते सांगितले जात नाही. केवळ कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण आहे. म्हणून या वेळी आपण तपासूनच पाहू. हा विषाणू आपल्या शरीरातली पेशी ओळखतो कसा आणि तिच्या आत शिरतो कसा, हे एकदा समजले की कशाला भ्यायचे आणि कशाला भ्यायचे नाही, हे आपोआप कळते.

विषाणू म्हणजे काय?

विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. त्याच्याजवळ असते फक्त स्वतःसारखे विषाणू बनवण्याची माहिती आणि तिच्याभोवती एक आवरण. ती माहिती वापरायला त्याला दुसऱ्याची जिवंत पेशी लागते. पेशीत शिरता आले नाही तर तो काहीच करू शकत नाही.

एचआयव्हीचा आकार सुमारे १०० ते १२० नॅनोमीटर आहे. आपल्या एका केसाच्या जाडीवर असे पाचशेहून अधिक विषाणू ओळीने बसतील. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने तो प्रथम शोधला. या कामासाठी दोघांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. भारतात एचआयव्हीची लागण १९८६ मध्ये चेन्नईत पहिल्यांदा उघडकीस आली.

इथे एक फरक लक्षात ठेवा. एचआयव्ही हे विषाणूचे नाव आहे. उपचार न घेतल्यास काही वर्षांनी प्रतिकारशक्ती ढासळून जी अवस्था येते, तिला एड्स म्हणतात. एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला एड्स झालेला नसतो.

प्रत्येक विषाणूचे दार ठरलेले असते

आपल्या पेशींच्या आवरणावर निरनिराळी प्रथिने असतात. पेशीला बाहेरचे निरोप मिळतात ते त्यांच्याकडून. कातडीच्या पेशीवर एक प्रकारची, फुप्फुसाच्या पेशीवर दुसऱ्या प्रकारची, पांढऱ्या पेशीवर तिसऱ्या प्रकारची प्रथिने असतात. विषाणू यांपैकीच एखाद्या प्रथिनाला कुलूप समजतो. त्याच्याजवळची किल्ली ज्या कुलपाला लागते, त्याच पेशीत तो शिरू शकतो.

कोविडचे दिवस आठवा. त्या विषाणूला लागणारे प्रथिन नाक, घसा आणि फुप्फुसाच्या पेशींवर असते. त्यामुळे तो श्वासावाटे पसरला. डेंग्यूचा विषाणू माणसाच्या पेशींत शिरतो तसाच डासाच्या पेशींतही शिरतो आणि तिथे वाढतो. त्यामुळे डास चावल्याने डेंग्यू होतो.

एचआयव्हीचे कुलूप वेगळे आहे. त्याचे नाव सीडी-४. हे प्रथिन मुख्यतः एका जातीच्या पांढऱ्या पेशींवर असते. या पेशी शरीराच्या संरक्षण दलातल्या जणू हवालदार आहेत. जंतू आला की त्या बाकीच्या पेशींना हाक देतात. जंतूचा तुकडा ओळखताना त्यांना सीडी-४ ची मदत होते. म्हणजे सीडी-४ आपल्याच कामासाठी आहे, विषाणू त्याचा गैरफायदा घेतो. एचआयव्हीचे कुलूप हेच आहे, हे १९८४ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवले.

आपल्या विदर्भात, विशेषतः बौद्ध घरांत, सिकलसेल माहीत नसलेला माणूस विरळा. म्हणून हेही सांगितले पाहिजे की सिकलसेल हा लाल पेशींचा आजार आहे. तो आई-वडिलांकडून जन्मतः येतो आणि कुणाकडून लागत नाही. लाल पेशीवर सीडी-४ नसते, त्यामुळे एचआयव्ही लाल पेशीत शिरत नाही. तो पांढऱ्या पेशी गाठतो. दोन्ही आजारांसाठी रक्तच तपासतात, पण दोन्ही अगदी वेगळे आहेत.

एक नव्हे, दोन कुलुपे

सीडी-४ सापडल्यावर एक कोडे उरले होते. काही पेशींवर सीडी-४ असूनही विषाणू आत जात नव्हता. १९९६ मध्ये त्याचे उत्तर मिळाले. दाराला दुसरे कुलूपही होते. बहुतेक वेळा ते सीसीआर-५ नावाचे प्रथिन असते, काही वेळा सीएक्ससीआर-४ नावाचे. भारतात आढळणारा बहुतांश एचआयव्ही 'सी' उपप्रकाराचा आहे आणि तो मुख्यतः सीसीआर-५ वापरतो. दोन्ही कुलुपे एकाच पेशीवर हवीत आणि ती क्रमानेच उघडली पाहिजेत.

शिरण्याची क्रिया अशी घडते.

विषाणूच्या आवरणावर थोडेसेच खुंट असतात. प्रत्येक खुंटाचा बाहेरचा भाग म्हणजे जीपी-१२० नावाचे प्रथिन आणि आतला भाग म्हणजे जीपी-४१. पहिल्या पायरीला जीपी-१२० हा पेशीवरच्या सीडी-४ ला चिकटतो.

चिकटताच त्याचा आकार बदलतो आणि आतापर्यंत झाकलेला एक भाग उघडा पडतो. हा भाग सीसीआर-५ ला पकडतो. ही दुसरी पायरी.

आता आतला जीपी-४१ मोकळा होतो. मासे पकडायच्या गळासारखे त्याचे टोक पेशीच्या आवरणात रुतते. मग तो मधोमध दुमडतो आणि विषाणूला पेशीकडे ओढून घेतो. ही तिसरी पायरी.

चौथ्या पायरीला विषाणूचे आवरण आणि पेशीचे आवरण एकमेकांत मिसळतात. दोन्ही आवरणे स्निग्ध पदार्थाची असतात. रश्श्यावर तर्रीचे दोन थेंब जवळ आले की कसे एक होतात, तसेच हे होते. त्या जागेतून विषाणूचा आतला गाभा पेशीत उतरतो.

आत गेल्यावर

एचआयव्हीला रेट्रोव्हायरस म्हणतात. रेट्रो म्हणजे उलटा. आपल्या पेशीत मूळ माहिती डीएनएमध्ये असते आणि तिची कामापुरती नक्कल आरएनएमध्ये निघते. एचआयव्हीची माहिती आरएनएमध्ये असते आणि तो आत जाऊन तिचा डीएनए बनवतो. ही उलटी नक्कल करणाऱ्या विकराचा शोध १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी लावला, तेव्हा एचआयव्हीचे नावही कुणाला माहीत नव्हते. पुढे हाच शोध औषधांचा पाया ठरला.

तयार झालेला डीएनए विषाणू आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये बसवतो. एखाद्याने आपल्या घराच्या कागदपत्रांत हळूच स्वतःचे पान टाचून ठेवावे, तसे. मग पेशी ते पान आपलेच समजून नवे विषाणू बनवत राहते. काही पेशी हे पान घेऊन वर्षानुवर्षे गप्प बसतात. औषध रक्तातला विषाणू दाबते, पण हे गप्प बसलेले पान काढू शकत नाही. गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात त्या याच कारणाने. बरे वाटले म्हणून गोळी बंद केली की विषाणू पुन्हा वाढू लागतो.

निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. उपचाराविना त्या घटत जातात. २०० च्या खाली गेल्या की टीबीसारखे आजार गाठतात. 'सीडी-४ किती आला?' असे डॉक्टर विचारतात, ते या पेशींबद्दलच.

म्हणून शिवल्याने होत नाही

आता कारणे आपल्याच हातात आली आहेत. एकेक तपासू.

हात मिळवला, मिठी मारली. आपल्या कातडीचा वरचा थर मृत पेशींचा असतो. तिथे ना सीडी-४, ना जिवंत पेशी. विषाणूला शिरायला दारच नाही.

एका ताटात जेवले, एकाच ग्लासातून पाणी प्याले. थुंकीत विषाणू अगदी नगण्य असतो, आणि त्याला निकामी करणारी द्रव्येही थुंकीत असतात. शरीराबाहेर हा विषाणू फार तग धरत नाही. भांड्यातून तो कुणाला लागत नाही.

डास चावला. एचआयव्हीला डासाच्या पेशीत दार सापडत नाही. रक्तासोबत पोटात गेलेला विषाणू तिथेच पचून जातो. शिवाय डास चावताना आपली लाळ सोडतो, आधी प्यायलेले रक्त सोडत नाही.

एकाच संडासात गेले, कपडे एकत्र धुतले, रुग्णाची सेवा केली, विहारात शेजारी बसून वंदना घेतली. यांपैकी कशातही विषाणू जिवंत सीडी-४ पेशीपर्यंत पोचत नाही.

मग तो पोचतो कुठून? निरोधाशिवाय केलेल्या लैंगिक संबंधातून, कारण तिथल्या नाजूक आतल्या कातडीखाली सीडी-४ आणि सीसीआर-५ असलेल्या पेशी असतात. गुप्तरोगाची जखम असेल तर वाट आणखी सोपी होते. विषाणू असलेल्या रक्तातून आणि एकमेकांची सुई वापरल्याने. गरोदरपणात, बाळंतपणात आणि अंगावरच्या दुधातून आईकडून बाळाला. वाटा एवढ्याच आहेत. आपली पोरे हौसेने हातावर 'जयभीम' गोंदवून घेतात. जरूर घ्यावे, पण सुई आपल्यासमोर नवी फोडायला लावावी. त्याने एचआयव्हीसोबत काविळीच्या विषाणूंपासूनही बचाव होतो.

रक्त चढवताना

मे २०२२ मध्ये नागपुरातून एक वाईट बातमी आली. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याचे उघड झाले, त्यांतील एक मूल दगावले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने याची स्वतःहून दखल घेतली. ज्या घरात सिकलसेलचे मूल आहे, त्या आईच्या काळजाचे ही बातमी वाचून काय झाले असेल ते सांगायला नको.

रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही तपासणी बंधनकारक आहे. मग असे का होऊ शकते? साध्या तपासणीत विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधतात. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. या मधल्या काळात रक्तदात्याच्या रक्तात विषाणू असतो, पण तपासणीत दिसत नाही. नॅट नावाची तपासणी विषाणूचा आरएनएच शोधते, त्यामुळे हा काळ बराच कमी होतो, पण शून्य होत नाही.

यातून आपल्यासाठी दोन कामे निघतात. पहिले, मुलाला रक्त लागणार असेल तर परवानाधारक रक्तपेढीतूनच घ्या आणि नॅट तपासलेले मिळेल का ते विचारा. मात्र भीतीपोटी रक्त नाकारू नका. गरज असताना रक्त न चढवणे हा मोठा धोका आहे. दुसरे काम रक्तदात्यांचे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे घेतो, हे भूषण आहे. पण तिथे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे खरी द्या. अलीकडे काही धोक्याचे घडले असेल तर रक्त देऊ नका. 'रक्त दिले की फुकट तपासणी होऊन जाते' असा विचार करून तर कधीच देऊ नका. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत आणि गुप्त होते.

साखळी कुठेही तोडता येते

कारण असेल तर कार्य होते, कारण काढून घेतले तर कार्य होत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपण विहारात ऐकतो. एचआयव्हीची औषधे नेमकी याच पद्धतीने काम करतात. शिरण्यापासून वाढण्यापर्यंतच्या पायऱ्यांपैकी कोणतीही एक रोखली की पुढची घडत नाही. मॅराव्हिरॉक हे औषध सीसीआर-५ चे कुलूप झाकून ठेवते. एन्फुव्हिर्टाइड गळासारख्या जीपी-४१ ला दुमडू देत नाही. ही दोन्ही विशेष प्रसंगी वापरली गेली. आपल्या सरकारी एआरटी केंद्रात बहुतेकांना मिळते ती तीन औषधांची एकच गोळी. तिच्यातील टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन उलटी नक्कल थांबवतात, डोलुटेग्राव्हिर ते पान टाचू देत नाही.

भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून हे उपचार मोफत सुरू केले. २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, एचआयव्ही आढळला की लगेच औषध मिळते. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. आईला उपचार मिळाले नाहीत तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. योग्य उपचाराने हे प्रमाण ५ च्या खाली आणता येते. म्हणून गरोदर बाईची तपासणी पहिल्या महिन्यांतच करून घ्या. धोक्याचा प्रसंग नुकताच घडला असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येऊ शकते. जितक्या लवकर जाल तितके चांगले.

काही माणसांत जन्मतःच सीसीआर-५ चे कुलूप तयार होत नाही आणि बहुतेक एचआयव्ही त्यांच्या पेशीत शिरू शकत नाही. उत्तर युरोपात शंभरात सुमारे एक माणूस असा असतो. अशा दात्याचा अस्थिमज्जा मिळाल्याने टिमोथी रे ब्राऊन हा अमेरिकन रुग्ण एचआयव्हीमुक्त झाला. पण ते उपचार त्याच्या रक्ताच्या कर्करोगासाठी होते आणि जिवावर बेतणारे होते. सर्वांना ते देता येत नाहीत. भारतात असा जन्मजात बचाव अतिशय दुर्मीळ आहे, मग जात कोणतीही असो. रक्ताच्या शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांच्याही पेशींवर हीच दोन कुलुपे आहेत.

कुणी बाबा, वैद्य किंवा यूट्यूबवाला 'मुळापासून एचआयव्ही घालवतो' म्हणाला तर त्याला एवढेच विचारा, पेशीच्या डीएनएत टाचलेले पान तू कसे काढतोस? उत्तर मिळणार नाही.

कायदा आणि धम्म

एचआयव्ही असलेल्या व्यक्तीशी नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव करण्यास २०१७ च्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायद्याने मनाई केली आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची तपासणी करता येत नाही आणि कुणाची माहिती फोडताही येत नाही. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा यांसारख्या सरकारी रुग्णालयांत तपासणी व सल्ला मिळतो. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून आजाऱ्याची सेवा हे एकमेकांचे कर्तव्य असल्याचे सांगितले.

आपल्या वस्तीत असे एखादे घर असेल तर या रविवारी त्या घरी जा. चहा ठेवला तर त्यांच्याच कपातून प्या. घरच्या लहान मुलांनाही सोबत न्या आणि येताना वाटेत त्यांना ही दोन कुलुपांची गोष्ट सांगा.